पेपर सोडवून झाल्यावर काय करायचं: इंग्रजी ग्रामर, व्होकॅब आणि पॅसेजची प्रॅक्टिस, पहिल्यापासून

इंग्रजीच्या परीक्षेची तयारी कशी करू असं कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं, भरपूर पेपर सोडव. मग पोरं सोडवत सुटतात, पेपरवर पेपर, स्कोअर बघायचा, पन्नासपैकी एकतीस, लगेच दुसरा पेपर घ्यायचा, पुन्हा तीस-बत्तीस, आणि महिनाभराने म्हणायचं की माझं इंग्लिशच कच्चं आहे, काही होत नाही. कच्चं असेलही, पण स्कोअर एकाच जागी अडकलाय तो बहुतेक वेळा त्यामुळे नाही. सोडवलेला पेपर कोणी नीट तपासतच नाही, त्यामुळे अडकलाय. माझं सरळ म्हणणं आहे, अर्धा तास सोडवलात तर कमीत कमी अर्धा तास त्याची चिरफाड करा, आणि वेळ कमी असेल तर प्रश्न कमी करा, चिरफाड कमी करू नका. खाली सगळं त्याच हिशोबाने लिहिलंय.

सुरुवात: आपण नक्की कुठे आहोत

तुमच्या परीक्षेचा एक जुना पेपर घ्या, टायमर लावा, आणि काहीही तयारी न करता सोडवा. मार्क किती पडतात ह्याला आत्ता काही अर्थ नाही. फक्त एक गोष्ट करायची, प्रत्येक उत्तरापुढे एक खूण. खात्री असेल तर टिक, दोन ऑप्शनमध्ये अडकून एक निवडला असेल तर प्रश्नचिन्ह, आणि डोळे मिटून ठोकलं असेल तर फुली. तपासताना ही खूणच कामाला येते, कारण फुली मारून बरोबर आलेलं उत्तर हे तुमचं नाहीच, ते पुढच्या वेळी चुकणार आहे. आणि टिक मारून चुकलेलं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं, तिथे तुमच्या डोक्यात नियमच उलटा बसलाय आणि तुम्हाला त्याचा पत्ता नाही.

आता चुकलेले सगळे आणि अंदाजाने बरोबर आलेले सगळे एकत्र घ्या आणि प्रत्येकाला कारण द्या. कारणं साधारण पाचच असतात: नियम माहीतच नव्हता, नियम माहीत होता पण वाक्यात दिसला नाही, शब्दाचा अर्थ माहीत नव्हता, प्रश्न नीट वाचला नाही (नॉट हा शब्द निसटणं हे तर नेहमीचंच), किंवा वेळ संपला. हे महत्त्वाचं एवढ्यासाठी की प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. ज्याला नियम माहीत आहे पण दिसत नाही त्याने ग्रामरचं पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचून काय होणारे? त्याला वाक्य फोडायची सवय हवी.

चुकांची वही

एक वेगळी वही करा, किंवा फोनमध्ये एक नोट, पण वही बरी कारण हाताने लिहिताना घाई होत नाही. प्रत्येक चुकीसाठी चार ओळी. पहिली, मूळ वाक्य जसंच्या तसं. दुसरी, बरोबर वाक्य. तिसरी, का चुकलं ते मराठीत एका ओळीत, स्वतःच्या शब्दात, उत्तरपत्रिकेतलं स्पष्टीकरण कॉपी नाही करायचं. चौथी, त्याच नियमाचं स्वतः बनवलेलं वाक्य.

एक नोंद दाखवतो. मूळ वाक्य: "आय लिव्ह हिअर सिन्स फाइव्ह इयर्स." बरोबर: "आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स." कारण: मराठीत 'पाच वर्षांपासून राहतो' म्हणतो म्हणून साधा वर्तमानकाळ वापरला आणि 'पासून' दिसलं म्हणून सिन्स लावलं, सुरू झालं तो क्षण सांगायचा असेल तर सिन्स, किती काळ ते सांगायचं असेल तर फॉर, आणि दोन्हीकडे गोष्ट अजून चालू आहे म्हणून हॅव. स्वतःचं वाक्य: "शी हॅज वर्क्ड देअर सिन्स 2019." बघा, एका वाक्यात दोन चुका होत्या, आणि नुसतं उत्तर पाहून पुढे गेला असतात तर त्यातली एकच दिसली असती.

दर तीन-चार दिवसांनी वही उघडायची, बरोबर वाक्यं हाताने झाकायची आणि चुकीची वाक्यं पुन्हा सुधारायची. नुसतं वाचून 'हो हो, हे माहीतेय' म्हणणं चालणार नाही, वाचताना सगळंच माहीत असल्यासारखं वाटतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिकी ह्यांचा 2006 चा ह्याच विषयावरचा प्रयोग प्रसिद्ध आहे, एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर वाचणारे पुढे, पण आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. आपली परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

ग्रामर: सगळे चॅप्टर सारखे नसतात

पुस्तकातल्या अनुक्रमाने नाउनपासून सुरुवात करणारे बरेच जण प्रीपोझिशनपर्यंत पोचतच नाहीत. त्यापेक्षा व्हर्बपासून सुरू करा. सब्जेक्ट-व्हर्ब ॲग्रीमेंट, टेन्स, कंडिशनल, पॅसिव्ह, इनडायरेक्ट स्पीच, हे सगळं शेवटी व्हर्बच आहे आणि एरर शोधायच्या प्रश्नांत पुन्हा पुन्हा हेच येतं. त्यानंतर प्रीपोझिशन, मग आर्टिकल, मग प्रोनाउन आणि तुलना. बाकीचं जमेल तसं.

सब्जेक्ट-व्हर्बसाठी एकच युक्ती पुरते, वाक्य सोलायचं. "द लिस्ट ऑफ द सिलेक्टेड कॅन्डिडेट्स हॅव बीन पब्लिश्ड." कानाला बरं वाटतं कारण हॅवच्या अगदी शेजारी कॅन्डिडेट्स बसलेत. आता ऑफपासून व्हर्बपर्यंतचं सगळं पेन्सिलने कंसात टाका. उरलं काय, लिस्ट. लिस्ट एक, म्हणून हॅज. पेपर काढणारा मुद्दाम सब्जेक्ट आणि व्हर्बच्या मध्ये माणसं कोंबतो, त्यांना बाहेर काढलं की प्रश्न संपला. "अलाँग विथ" आणि "ॲज वेल ॲज" ह्यांच्या मागून आलेलं नाउन पण कंसातच जातं, व्हर्ब पहिल्या नाउनवर. "नीदर-नॉर" आणि "आयदर-ऑर" मात्र वेगळे, तिथे व्हर्बच्या जवळचं नाउन बघायचं. "द नंबर ऑफ" एकवचनी, "अ नंबर ऑफ" अनेकवचनी. आणि "वन ऑफ द" नंतर नाउन अनेकवचनी पण व्हर्ब एकवचनी, फक्त मध्ये हू किंवा दॅट आलं तर सांभाळा: "ही इज वन ऑफ द स्टुडंट्स हू हॅव पास्ड", इथे हॅव, कारण पास झालेले अनेक आहेत आणि हा त्यातला एक.

आपल्या चुकांचा मोठा भाग मराठीतून येतो, तो एकदा वेगळा काढला की बरंच काम हलकं होतं. मराठीत आर्टिकल नाहीत म्हणून ती गळतात किंवा कुठेही चिकटतात. अ की ॲन हे स्पेलिंगवर नाही, उच्चारावर ठरतं, म्हणून "अ युनिव्हर्सिटी" पण "ॲन अवर". 'विषयावर चर्चा' ह्यामुळे "डिस्कस अबाउट" होतं, 'तिच्याशी लग्न' ह्यामुळे "मॅरीड विथ" होतं, तर डिस्कसला काही लागत नाही आणि मॅरीडला टू लागतं. 'मला दोन भाऊ आहेत' चं "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स" होतं, ते "आय हॅव" हवं. 'त्याने विचारलं तू कुठे राहतोस' चं "ही आस्क्ड मी व्हेअर डिड आय लिव्ह" होतं, पण प्रश्न वाक्याच्या पोटात गेला की साध्या वाक्यासारखा लिहायचा, "व्हेअर आय लिव्ह्ड". आणि इन्फर्मेशन, ॲडव्हाइस, फर्निचर, लगेज, इक्विपमेंट ह्यांना एस लावायचा नाही, कितीही मोह झाला तरी.

टू नंतर नेहमी व्हर्बचं मूळ रूप येतं असं शाळेत डोक्यात बसतं आणि तिथेच पेपरवाले पकडतात. "लुक फॉरवर्ड टू", "ऑब्जेक्ट टू", "विथ अ व्ह्यू टू", आणि सवय ह्या अर्थाचं "बी यूझ्ड टू", ह्यांच्यातला टू प्रीपोझिशन आहे, म्हणून पुढे आयएनजी. तसंच सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, प्रीफर ह्यांच्यापुढे तुलना असली तरी दॅन नाही, टू. "नो सूनर" असेल तर दॅन, "हार्डली" असेल तर व्हेन. हे समजून घेण्यासारखं फार नाहीये, ही पाठच करायची, वाद घालत बसू नका.

एरर शोधताना मनात वाचून 'कुठेतरी खटकतंय' ह्यावर अवलंबून राहू नका, कान चुकीच्या इंग्रजीला सरावलेले असतात. ठराविक क्रमाने तपासा: व्हर्ब सब्जेक्टशी जुळतंय का, टेन्स वाक्यातल्या वेळेच्या शब्दाशी जुळतोय का, प्रोनाउन कोणाबद्दल आहे, प्रीपोझिशन बरोबर आहे का, आर्टिकल, आणि शेवटी अँडने जोडलेल्या गोष्टी एकाच साच्यातल्या आहेत का ("रीडिंग, स्विमिंग अँड टू डान्स" असलं काही नाही ना). सगळं तपासून काहीच सापडलं नाही तर नो एरर बिनधास्त लिहा. सुरुवातीला एका वाक्याला दीड मिनिट लागेल, लागू दे, स्पीड नंतर येतो.

अजून एक, एकाच चॅप्टरचे पन्नास प्रश्न सलग सोडवले की अठ्ठेचाळीस बरोबर येतात आणि छान वाटतं, पण तिथे नियम कुठला लावायचा हे चॅप्टरच्या नावानेच सांगितलेलं असतं. परीक्षेत ते कोणी सांगत नाही. म्हणून नवीन नियम शिकलात की त्याचे दहा-पंधरा सोडवा आणि मग लगेच मिक्स प्रश्नांवर या. मार्क कमी पडतील, घाबरू नका, खरी प्रॅक्टिस तिथेच सुरू होते.

व्होकॅब: पाच हजार शब्दांची पीडीएफ बंद करा

अशी एक तरी पीडीएफ प्रत्येकाच्या फोनमध्ये असते आणि ए पासून सुरू होऊन बी च्या आत संपते. अबँडन सगळ्यांना येतो, झील कोणालाच नाही.

शब्द कुठून घ्यायचे? पहिलं, तुम्ही सोडवलेल्या पेपरमधून, फक्त विचारलेला शब्द नाही तर चारही ऑप्शन, कारण आजचा चुकीचा ऑप्शन उद्याचा प्रश्न असतो. दुसरं, तुम्ही वाचताय त्यातून. आणि पाया कच्चा असेल तर वारंवारतेच्या, म्हणजे सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या शब्दांच्या, याद्या आहेत: मायकल वेस्ट ह्यांची 1953 ची जनरल सर्व्हिस लिस्ट साधारण दोन हजार शब्दांची, आणि त्याच्या पुढची, ॲव्हरिल कॉक्सहेड ह्यांनी 2000 साली केलेली ॲकॅडमिक वर्ड लिस्ट, 570 शब्दकुटुंबांची (एका मूळ शब्दाची सगळी रूपं मिळून एक कुटुंब). दुसरीतले शब्द, ॲनालाइज, सिग्निफिकंट, ॲझ्यूम असले, पॅसेजमध्ये सारखे भेटतात, त्यामुळे दुर्मिळ भारदस्त शब्दांच्या मागे लागण्याआधी हे पक्के करा. भारदस्त शब्द एखाद-दुसरा मार्क देतील, हे शब्द आख्खा पॅसेज देतात.

रोज दहा शब्द पुष्कळ झाले, पण ते असे: कार्डाच्या एका बाजूला शब्द गाळलेलं एक वाक्य आणि मराठीत अर्थाचा इशारा, दुसऱ्या बाजूला शब्द, त्याच्या सोबत नेहमी येणारा जोडीदार, आणि त्याची भावंडं. उदाहरणार्थ कंप्लाय घेतला तर कंप्लाय विथ द रूल्स, आणि भावंडं कंप्लायन्स, कंप्लायंट. विथ सोबत पाठ केलात तर प्रीपोझिशनचा एक प्रश्न फुकट सुटतो. नुसतं 'कंप्लाय म्हणजे पाळणे' असं लिहिलंत तर उद्या 'कुत्रा पाळणे' ला पण तोच वापराल.

उजळणीचं गणित साधं आहे. एबिंगहाऊस ह्या जर्मन माणसाने 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की विसरणं सुरुवातीला खूप वेगात होतं आणि नंतर मंदावतं. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. लाइटनर नावाच्या दुसऱ्या एका जर्मनाची डब्यांची पद्धत आहे ती घरी सहज होते: तीन-चार डबे किंवा पाकिटं घ्या, नवीन कार्ड पहिल्यात, बरोबर आठवलं की पुढच्या डब्यात, चुकलं की परत पहिल्यात. पहिला डबा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, आणि चौथा ठेवलात तर महिन्याने. फ्लॅशकार्डची ॲप साधारण ह्याच तत्त्वावर चालतात, फक्त दुसऱ्याने बनवलेला तयार डेक घेऊ नका, कार्ड बनवण्यातच अर्धं पाठ होतं.

मूळ धातू आणि प्रीफिक्स शिकणं उपयोगी आहे, बेने म्हणजे चांगलं आणि माल म्हणजे वाईट एवढं माहीत असलं तरी बेनेव्होलंट आणि मालेव्होलंट वेगळे करता येतात. पण त्यावर आंधळा भरवसा नको. इनफ्लेमेबल म्हणजे न पेटणारं नाही, पटकन पेटणारं, आणि इनव्हॅल्युएबल म्हणजे बिनकिमतीचं नाही तर अमूल्य. दिसायला जुळे असलेले शब्द जोडीनेच लिहा: अफेक्ट आणि इफेक्ट, इकॉनॉमिक आणि इकॉनॉमिकल, एका ओ चं लूझ म्हणजे हरवणं आणि दोन ओ चं लूस म्हणजे सैल.

पॅसेज: इथे मार्क पण जास्त आणि गैरसमज पण

पहिला गैरसमज, प्रत्येक शब्द कळला पाहिजे. दुसरा, प्रत्येक वाक्याचं मनात मराठी केलं पाहिजे. दोन्ही सोडा. हू आणि नेशन ह्या संशोधकांच्या 2000 सालच्या अभ्यासातून असं आलं की कोणाच्या मदतीशिवाय मजकूर आरामात कळायला त्यातले साधारण 98 टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, म्हणजे शंभरात दोनच अनोळखी. रोजच्या वाचनासाठी हाच निकष लावा. वीस मिनिटं सोपं वाचन, ज्यात अडखळायला होत नाही, आवडीच्या विषयावरचं, आणि त्याशिवाय दिवसाला एक परीक्षेच्या दर्जाचा पॅसेज प्रश्नांसकट. नुसतं अवघड वाचून स्पीड वाढत नाही, उलट दर ओळीला थांबायची सवय लागते.

पॅसेज वाचताना प्रत्येक परिच्छेद संपला की मनात चार-पाच शब्दांत म्हणा, हा परिच्छेद इथे काय काम करतोय. 'अडचण सांगितली', 'जुनं मत दिलं', 'त्याला विरोध केला', एवढंच. प्रॅक्टिस करताना हे समासात लिहाच. आणि वळणाचे शब्द दिसले की पेन्सिलने गोल: हाउएव्हर, बट, ऑल्दो, येट, देअरफोर. लेखकाचं खरं मत फार वेळा हाउएव्हरच्या नंतर असतं, आणि चुकीचे ऑप्शन त्याच्या आधीच्या वाक्यांतून बनवलेले असतात.

ऑप्शन कसे बनतात ते एकदा जवळून बघू. समजा पॅसेजमध्ये एवढंच आहे: काही शहरांनी रस्त्यावरचे जुने दिवे काढून पांढरे एलईडी लावले, त्यांना वीज कमी लागते, हाउएव्हर आसपासच्या लोकांनी झोप नीट लागत नसल्याची तक्रार केली आणि त्यातल्या काही शहरांनी आता मंद पिवळसर दिवे बसवायला सुरुवात केलीय. प्रश्न, ह्यातून काय कळतं? ऑप्शन अ, एलईडीमुळे सगळ्या शहरांची वीज वाचली. काही चं सगळ्या केलं, गेला. ऑप्शन ब, झोप न लागण्याचं एकमेव कारण हे दिवे आहेत. लोकांनी तक्रार केली एवढंच आहे, एकमेव कोणी म्हटलंच नाही, गेला. ऑप्शन क, पिवळसर दिव्यांना जास्त वीज लागते. हा खरा धोकादायक, कारण बाहेरच्या माहितीवरून खरा वाटू शकतो, पण पॅसेजमध्ये ह्याबद्दल अवाक्षर नाही. ऑप्शन ड, वीज वाचत असूनही काही शहरांना फेरविचार करावा लागला. हे उत्तर, आणि गंमत बघा, फेरविचार हा शब्द पॅसेजमध्ये कुठेच नाही. बरोबर ऑप्शन बऱ्याचदा शब्द बदलून येतो आणि चुकीचा ऑप्शन पॅसेजमधलेच शब्द जसेच्या तसे घालून येतो. म्हणून 'हे शब्द वर वाचल्यासारखे वाटतायत' हे उत्तराचं कारण होऊ शकत नाही.

रोजच्या पॅसेजला नियमच करा, बरोबर उत्तर का बरोबर ह्यासोबत बाकीचे तीन का चूक हे एकेका शब्दात लिहायचं: अति, बाहेरचं, उलटं, अर्धवट. आठ-दहा दिवसांनी तुम्ही कुठल्या सापळ्यात सारखे अडकता ते दिसायला लागेल. ज्यांच्या पेपरमध्ये ट्रू, फॉल्स आणि नॉट गिव्हन असतं त्यांनी फॉल्स आणि नॉट गिव्हन ह्यातला फरक असा धरा: पॅसेजमधलं वाक्य त्या विधानाच्या विरुद्ध बोलतंय का? बोटाने दाखवता आलं तर फॉल्स, दाखवता आलं नाही आणि खरं असल्याचं पण लिहिलेलं नसेल तर नॉट गिव्हन.

आधी प्रश्न वाचायचे का आधी पॅसेज, ह्यावर लोक तावातावाने भांडतात. माझं मत, पॅसेज एका पानाच्या आतला असेल तर सरळ पॅसेज वाचा. मोठा असेल आणि प्रश्न माहिती शोधायचे असतील तर फक्त प्रश्न चाळा, ऑप्शन मुळीच नाही, कारण प्रत्येक चारातले तीन ऑप्शन खोटे असतात आणि ते डोक्यात घेऊन वाचायला लागलात की गोंधळ ठरलेला.

वेळ, मॉक आणि तुक्के

पहिले काही आठवडे टायमर बाजूला ठेवा. अचूकता आली की मग लावा. आयईएल्टीएससारख्या परीक्षेत रीडिंगला 60 मिनिटांत तीन भाग आणि 40 प्रश्न असतात, म्हणजे वाचण्याचा वेळ धरून एका प्रश्नाला दीडच मिनिट, तर तुमच्या पेपरचा असाच हिशोब काढा आणि प्रत्येक भागाला वेळ आधीच वाटून द्या. बहुतेकांना ग्रामर आणि व्होकॅब आधी उरकून पॅसेज नंतर घेणं सोयीचं जातं कारण शब्दाचा प्रश्न येतो तरी नाहीतर नाही, विचार करून तो येत नाही. पूर्ण मॉक आठवड्याला एक बस, आणि तिची चिरफाड दुसऱ्या दिवशी, डोकं ताजं असताना.

निगेटिव्ह मार्किंगचा हिशोब एकदा कागदावर करून टाका म्हणजे हॉलमध्ये धडधड होत नाही. चार ऑप्शन, बरोबरला एक मार्क, चुकीला पाव मार्क वजा. सोळा प्रश्न पूर्ण आंधळे ठोकले तर सरासरी चार बरोबर, बारा चूक, म्हणजे चार वजा तीन, हातात एक. एकतृतीयांश कापत असतील तर हातात शून्य, म्हणजे नुसती रिस्क. पण प्रत्येकात दोन ऑप्शन खात्रीने उडवता आले तर आठ बरोबर, आठ चूक, पाव मार्कच्या हिशोबाने आठ वजा दोन, सहा मार्क. म्हणून काहीच उडवता येत नसेल तर सोडा, दोन उडवता आले तर सोडू नका.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात नवीन शब्द बंद, नवीन पुस्तक बंद, कोणी कितीही भारी नोट्स पाठवल्या तरी. फक्त चुकांची वही, आणि त्यातही ज्या नोंदी तिसऱ्यांदा चुकल्यात त्यांच्यावर लाल खूण करून तेवढ्याच. आदल्या दिवशी एक सोपा पॅसेज आणि दहा-बारा ग्रामरचे प्रश्न सोडवा, हात चालू राहावा म्हणून. ते मात्र तपासत बसू नका.